कोतवाल बुकात सापडणारे पणजोबा



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे ठीक आहे. त्यांना ना सातबारा, ना वारसाची नोंद, ना मुलाच्या कॉलेजसाठी जातपडताळणी. आपल्याला मात्र कुळाचे मूळ शोधल्यावाचून आता गत्यंतर नाही. कधी जमिनीच्या वाटणीसाठी, कधी दाखल्यासाठी, तर कधी नातवंडाने सहज विचारले म्हणून आपल्याला आजोबा-पणजोबांचे नाव, साल आणि गाव सांगावे लागते, आणि तिथे आपली जीभ अडखळते.

गंमत बघा. खिलार खोंड विकत घ्यायचा तर आपण वळू कुणाचा, गाय कुठली, तिची आई कशी होती, हे सगळे विचारतो. म्हशीच्या कानात आता बारा आकडी बिल्ला आहे. तिचे लसीकरण, वेत, रेतन यांची नोंद त्या आकड्यावर ठेवता येते. पण पणजीचे नाव काय, असे विचारले तर दहांत नऊ घरे गप्प बसतात. श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे घ्यावी लागतात, म्हणून निदान पुरुषांची तीन नावे टिकतात. त्याच्या पलीकडे अंधार.

तो अंधार थोडाफार दूर करणारी एक वही आपल्याच गावात लिहिली गेली होती. तिच्याविषयी आज सविस्तर सांगतो.

कोतवाल बुक म्हणजे काय?

गावच्या महसुली दप्तरात पूर्वी ‘गाव नमुना नंबर १४’ नावाची जन्म-मृत्यूची नोंदवही असे. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणत. घरात मूल जन्माला आले किंवा माणूस वारले की त्याची वर्दी पाटलाकडे जायची. ही वर्दी पोचवण्याचे काम पूर्वी गावच्या वतनदार महाराकडे असे, पुढे ते कोतवालाकडे आले. भर पावसात, चिखल तुडवत वाडीवाडीला फिरून, कोणाच्या घरी काय झाले ते सांगणाऱ्या या माणसांच्या पायांवर आज आपल्या वंशावळी उभ्या आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना स्वतःला लिहिता येत नव्हते, हे ध्यानात ठेवा.

वहीत साधारणपणे तारीख, नाव, बापाचे नाव, जात, पुरुष की स्त्री, राहण्याचे ठिकाण आणि मृत्यू असेल तर वय व मरणाचे कारण, असे रकाने असत. लिपी बहुधा मोडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या अशा नोंदी मिळतात. सगळ्या गावांच्या सगळ्या वह्या टिकल्या आहेत असे नाही. पण ज्या टिकल्या, त्या सोन्यासारख्या आहेत.

इथे एक घोटाळा टाळा. आज ‘नमुना १४’ म्हणून मागणी केलीत तर भलताच कागद पुढे येईल, कारण सध्याच्या गाव नमुन्यांत चौदावा नमुना गावच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. म्हणून अर्जात ‘जुना गाव नमुना १४, जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक)’ असे स्वच्छ लिहा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी खेड्यात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिका-महानगरपालिकेकडे मिळतात. त्याआधीच्या जुन्या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे आपल्या बोलीतल्या रेकॉर्ड रूममध्ये, रुमालात बांधून ठेवलेल्या असतात. ज्या दोन काळांच्या सांध्यावर आपली नोंद पडते, त्या वेळी दोन्हीकडे चौकशी करावी.

ही वही एकाएकी सर्वांच्या तोंडी आली ती २०२३ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम आधी मराठवाड्यात आणि मग सगळ्या राज्यात सुरू झाले. कोतवाल बुकांबरोबर खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळनोंदवह्या, हक्क नोंद पत्रके, शाळांची जनरल रजिस्टरे असे कोट्यवधी कागद उलटले गेले आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती आल्या. आरक्षणाचा वाद या लेखाचा विषय नाही. पण त्या निमित्ताने रेकॉर्ड रूमवरची धूळ झटकली गेली, पुष्कळ कागदांची छायाचित्रे झाली आणि अनेक जिल्ह्यांनी त्या नोंदी आपल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. त्याचा लाभ जातीचा दाखला नको असलेल्या कुटुंबानेही घ्यावा.

एका तारखेची किंमत

‘मेलेल्या माणसाची तारीख शोधून आता काय करायचे?’ असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक गोष्ट सांगतो. नोकरीनिमित्त ज्या गावांत माझे सतत जाणे होते, त्यांतल्या एका गावातली ही गोष्ट आहे. नावे सांगत नाही.

दोन चुलत घरांत सहा वर्षे तिढा पडला होता. थोरल्या आजोबांना दोन मुलगे आणि दोन मुली. मुलग्यांची नावे उताऱ्यावर चढली, मुलींची नाहीत. त्यांतली एक मुलगी, आता ऐंशी पार केलेल्या आत्याबाई, नवऱ्यामागे माहेरीच राहत होत्या. त्यांच्या नावाचा प्रश्न निघाला तेव्हा एक पुतण्या म्हणाला, ‘आजोबा गांधीवधाच्या साली गेले, त्या वेळी मुलींना हक्कच नव्हता.’ दुसरा म्हणाला, ‘छे, चीनच्या लढाईच्या थोडे आधी.’ एक साल १९४८, दुसरे १९६२. आणि नेमका या दोन सालांच्या मध्ये, १७ जून १९५६ रोजी, हिंदू वारसा कायदा लागू झालेला. त्या दिवसाच्या आधी आजोबा गेले असतील तर मुलगे असताना मुलींचा वाटा नाही. नंतर गेले असतील तर आजोबांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलग्यांबरोबर मुलींचाही हक्क. म्हणजे सहा वर्षांचे भांडण एका तारखेवर टांगलेले!

शेवटी दोन्ही घरांतला एकेक माणूस एकाच गाडीवरून तहसील कचेरीत गेला. दहा वर्षांच्या वह्या पाहिल्या. १९५८ च्या मे महिन्यात आजोबांची नोंद सापडली. वय अंदाजे साठ, कारण ताप. पुढे वकिलाने कागद केले आणि आत्याबाईंचे नाव लागले. जमीन त्यांनी पुतण्यांकडेच कसायला ठेवली. ‘मला माती नको होती, नाव पाहिजे होतं,’ असे त्या म्हणाल्या. कोर्टात आणखी किती वर्षे गेली असती याचा हिशेब तुम्हीच करा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण पायरी चढायची नसेल तर कागद आधी पाहावा लागतो.

पुढे कायदा आणखी बदलला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. आपल्या घरात काय लागू पडते ते वाटण्या केव्हा झाल्या यावरही ठरते, म्हणून त्यासाठी जाणत्या वकिलाला विचारा. पण वकील पहिला प्रश्न हाच विचारील: ‘कोण, कधी वारले?’

दाखल्यांचेही तसेच. जातपडताळणीला मानीव दिनांकाच्या आधीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांची जन्मनोंद सापडली, पण ते आपलेच आजोबा हे दाखवता आले नाही, तर ती नोंद निरुपयोगी. म्हणून नुसती नोंद शोधू नका. नोंदीपासून आपल्यापर्यंतची साखळी जोडा.

शोध कोठून सुरू करावा?

विहीर खणताना आपण पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय पहार मारत नाही. तसेच हे काम आहे. पुढील क्रमाने जा.

पहिली पायरी घरात. एक शंभर पानी वही घ्या. स्वतःपासून सुरुवात करून वर चढा. घरातल्या आणि भावकीतल्या सर्वांत वयस्कर बायकांशी आधी बोला. पुरुषांना जमिनीचे गट ठाऊक असतात, बायकांना माणसे. कोण कोणाच्या पाठचे, कोणत्या बाळंतपणात काय झाले, कोणती नणंद कोठे दिली, हे त्यांना मुखोद्गत असते. साल सांगता येत नसेल तर खूण विचारा: कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? (तो ११ डिसेंबर १९६७ चा.) बहात्तरच्या दुष्काळात मूल केवढे होते? स्वातंत्र्य मिळाले तेव्हा लग्न झाले होते का? अशा खुणांवरून पाच वर्षांच्या आत साल बसते.

दुसरी पायरी जमिनीच्या कागदांची. जुने सातबारा आणि विशेषतः फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, वारसांची नावे आणि नाती एकत्र मिळतात. कित्येकदा मृत्यूचा दिवसही असतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांच्याकडे आणि तहसील कचेरीत हे मिळेल. मोजणी, फाळणीचे जुने कागद भूमी अभिलेख कार्यालयात.

तिसरी पायरी शाळेची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरात आजोबा-पणजोबांचे नाव सापडण्याची आशा इतर पुष्कळ भागांपेक्षा जास्त. मात्र शाळेतल्या जन्मतारखेवर डोळे झाकून विसंबू नका. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, तो काही ग्रहांचा योग नव्हे; नाव दाखल करताना मास्तरांनी सोयीची तारीख घातलेली असते.

चौथी पायरी कोतवाल बुकाची. हातात तीन नावे आणि अंदाजे साले आल्यावरच तिकडे जा. ढोबळ हिशेब असा की शंभर वर्षांत तीन ते चार पिढ्या होतात. तुमचा जन्म १९७५ चा असेल तर वडील १९५० च्या आसपास, आजोबा १९२५ च्या आणि पणजोबा १९०० च्या सुमारास जन्मलेले धरा आणि दोन्हीकडे दहा-दहा वर्षे पाहा. रीतसर अर्ज करून, फी भरून नक्कल मागा. मूळ वही स्वतः ओढून, थुंकी लावून पाने उलटू नका. शंभर वर्षांचा कागद पापडासारखा असतो.

कोणती कचेरी?

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, कारण आजचा जिल्हा एका मुशीतून निघालेला नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानात तालुक्यांना पेटे म्हणत. आजच्या हातकणंगले तालुक्याचा भाग तेव्हा आळते पेट्यात होता. कागल, विशाळगड, बावडा, इचलकरंजी या जहागिऱ्यांचा कारभार वेगळा होता; आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत होता. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे निराळेच संस्थान. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून तिकडच्या जुन्या कागदांसाठी बेळगावचीही वाट धरावी लागू शकते. उलट रायबाग पूर्वी कोल्हापूर संस्थानात होते, ते आज कर्नाटकात आहे. तेव्हा ‘आमचे गाव अमुक तालुक्यात’ एवढे पुरत नाही. ज्या साली नोंद झाली त्या साली गाव कोणाकडे होते हे आधी ठरवा.

संस्थानी काळातल्या सनदा, इनामे, नेमणुका, अर्ज-विनंत्या यांसाठी राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कोल्हापूर येथील दप्तर आहे. घराण्यात पाटीलकी, इनाम किंवा दरबारी चाकरी असेल तर तिथे अवश्य जावे. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावच्या कागदांत त्या सुमाराला हस्ताक्षर आणि लिहिण्याची धाटणी बदललेली दिसली तर दचकू नका.

मोडीचा अडसर

जुनी वही उघडली की पहिला धक्का बसतो तो मोडीचा. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहीत जायची ही लिपी. शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेली आणि आपण आपल्याच आजोबांच्या अक्षराला परके झालो. पण ती काही परकी विद्या नव्हे. कोल्हापुरात मोडीचे जाणकार आहेत, शिवाजी विद्यापीठात ती शिकवली जाते. गावातल्या एका हुशार पोराने किंवा पोरीने दोन-तीन महिने मन लावले तर नावे, आकडे आणि महिने सहज वाचता येतील. आख्ख्या गावाला पुरेल असे हे कसब आहे.

वाचताना काही शब्द लक्षात ठेवा. ‘राणू बिन बाळू’ म्हणजे बाळूचा मुलगा राणू. ‘गंगाबाई कोम राणू’ म्हणजे राणूची बायको गंगाबाई. पुष्कळ नोंदींत आडनाव नसतेच. शिवाय ‘पाटील’ हे अनेक घरांत मानाचे नाव आहे, मूळ आडनाव वेगळेच असते. जुन्या कागदात ते मूळ नावच सापडेल.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. त्यामुळे ‘बाळू बिन राणू’ आणि ‘राणू बिन बाळू’ आलटून पालटून चार पिढ्या दिसतात आणि माणूस चक्रावतो. नुसत्या नावावर जाऊ नका. नाव, बापाचे नाव, वय आणि वाडी किंवा जमिनीचा सर्व्हे नंबर, यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्या तरच आपला माणूस समजा. दत्तक गेलेल्याचे नाव एका घरात जन्मते आणि दुसऱ्या घरात मरते, हेही विसरू नका.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. वर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते आणि नाव ठेवतात बाराव्याला. म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव एवढ्यावरच ओळख पटवावी लागते. आणखी एक. पहिले बाळंतपण माहेरी. तेव्हा घरातल्या थोरल्या मुलाची नोंद आपल्या गावात सापडली नाही तर त्याचे आजोळ गाठा. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात आणि ‘नोंद नाही’ म्हणून परत फिरतात. गिरणीत मुंबईला गेलेल्यांची नोंद मुंबई महापालिकेच्या दप्तरात असू शकते.

जुन्या सनदा-वाटणीपत्रांत शक किंवा फसली साल असेल तर हिशेब सोपा आहे. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९. म्हणजे शके १८४० चा भाद्रपद हा १९१८ सालचा. फसलीत ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धाला ५९१. त्याहून जुन्या कागदांतले अरबी म्हणजे सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. हे सुहूर साल मृगाला सुरू होत असे, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. आपले वर्ष पेरणीपासून सुरू होते, हे राज्यकर्त्यांनाही कबूल होते तर!

रकान्यातले दुःख

कोतवाल बुक हाती घेतल्यावर माणूस स्वतःचे नाव शोधायला बसतो आणि थोड्या वेळाने सगळ्या गावाचे दुःख वाचू लागतो. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, हगवण, प्लेग, सर्पदंश असे दोन-चार शब्दच पुन्हा पुन्हा येतात. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे आपल्या भागातही पसरला. गावे ओस टाकून लोक रानात झोपड्या बांधून राहिले. त्या काळात एखाद्या घरातले माणूस अचानक दिसेनासे झाले तर शेजारच्या गावच्या वहीतही पाहावे.

१९१८ साल तर विशेष पाहण्यासारखे. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि वरून इन्फ्लुएन्झाची साथ आली, जिला लोक मानमोडी म्हणत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानामागून पान भरते. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली. आपल्या घराण्याची एखादी शाखा त्या साली संपली असेल, किंवा पणजोबा मामाच्या घरी का वाढले याचे उत्तर तिथे असेल.

आणि सर्वांत जास्त ओळी असतात त्या लहान मुलांच्या. वय एक दिवस, वय दोन महिने, वय दीड वर्ष. एकाच बापाच्या नावापुढे पाच वर्षांत तीन वेळा. आपल्या आज्या-पणज्या त्या मुलांची नावे कधी घेत नसत. ती आपली काका-आत्या होती. आज लस आहे, दवाखान्यात बाळंतपण आहे, स्वच्छ पाणी आहे. ते नसताना काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. सुनेला दवाखान्यात न्यायला किंवा बाळाला लस टोचायला कोणी नाही म्हणत असेल, तर त्याला आपल्याच गावच्या वहीचे एक पान दाखवा.

बायकांच्या बाबतीत वही कंजूष आहे. पुष्कळ ठिकाणी ‘अमक्याची बायको’ एवढेच लिहिलेले असते. माहेरचे गाव नाही, माहेरचे नाव नाही. जन्माला येताना ‘मुलगी’ आणि जाताना ‘बायको’. जिने घर उभे केले तिचे स्वतःचे नाव वहीत एकदाही नाही! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिण्याचे राज्य सरकारने ठरवले आहे. जुन्या वहीत जे राहिले ते तुम्ही घरच्या वहीत भरून काढा.

कागदापलीकडची दप्तरे

वंशावळ फक्त सरकारनेच राखली असे नाही. आपल्या भागात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी येतात. सुगीनंतर बैलावर बसून गावोगाव फिरावे, घरापुढे उभे राहून त्या घराण्याच्या पिढ्या मोठ्याने सांगाव्यात, नव्या जन्मांची भर घालावी आणि धान्य घेऊन पुढे जावे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या वह्यांत सरकारी नोंदींच्याही मागे जाणाऱ्या पिढ्या सांगितलेल्या असतात. हेळवी दारात आला तर त्याला पसाभर धान्यावर वाटेला लावू नका; बसवा, चहा द्या आणि ऐकून लिहून घ्या. सांगितलेले सगळे पुरावा म्हणून चालणार नाही, पण शोधाची दिशा नक्की मिळेल. तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. आपल्या घरातले कोणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेले असेल तर त्यांची सही-अंगठा तिथे असू शकतो.

समुद्रापलीकडेही हा शोध चालू आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत कामाला मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेने जपल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव असे रकाने त्यांतही आहेत. त्या आधारे तिथली मराठी कुटुंबे आपल्या पूर्वजांचे गाव शोधतात. हजारो कोसांवरून माणसे आपले गाव शोधत येतात, आणि आपल्याला तालुक्याला जायचा कंटाळा!

दोन इशारे

पहिला. नोंद सापडली नाही म्हणून नवी ओळ घालून घेण्याच्या, शब्द खोडून दुसरा लिहिण्याच्या फंदात पडू नका, आणि ‘दहा हजारांत काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. शाई, हस्ताक्षर, ओळीतली जागा हे सगळे तपासले जाते. खोट्या कागदावर मिळवलेला दाखला रद्द होतोच, वर फौजदारी होते, आणि ज्या मुलासाठी हे केले त्याचेच शिक्षण मधे तुटते.

दुसरा. आजची नोंद उद्याचा पुरावा आहे. जन्म किंवा मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्या. वर्ष उलटले तर अधिकाऱ्याच्या आदेशासाठी खेटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. बाळाचे नावही नोंदवायला विसरू नका. नाव नसलेला दाखला म्हणजे बियाण्याची पिशवी आहे पण वाणाचे नाव नाही, असे होते.

घरचे दप्तर

मिळालेले कागद जपायचे कसे? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात धान्याबरोबर कित्येक घरांचे कागदही गेले. म्हणून प्रत्येक कागदाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि दोन नातेवाइकांकडे, त्यातही एक परगावच्या, पाठवून ठेवा. मूळ कागद सुती रुमालात बांधून पत्र्याच्या पेटीत, उंचावर ठेवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला चालेल. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या मात्र कागदांत कधीही ठेवू नका. त्यांचा वायू माणसाला मारतो. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो आतल्या आत कुजतो. भिजला तर उन्हात न घालता सावलीत, वाऱ्यावर, पाने ओढून न सोडवता वाळवा.

आणि शेवटी घरची वही. प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्माची तारीख आणि गाव, लग्नाचे साल, बायकोचे माहेरचे पूर्ण नाव आणि गाव, मुले (लहानपणी गेलेलीसुद्धा), मृत्यूची तारीख आणि कारण, आणि ही माहिती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदात मिळाली ते. जे ठाऊक नाही ती जागा कोरी सोडा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहा. पुढचा कोणी ती भरील.

भावकी वर्षातून एकदा तरी एकत्र जमते, जत्रेला, म्हाळाला नाहीतर दिवाळीला. पुढच्या खेपेला जेवणे उरकली की ती वही मध्ये ठेवा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला पहिला प्रश्न विचारा: ‘आजी, तुझ्या सासूचं नाव काय होतं?’ आणि ती सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घ्या. आठवणीचे काही पुढच्या हंगामापर्यंत थांबत नाही.